वाचकांचे प्रश्न : डिकीत कोयता सापडला, आता काय करू?

गेल्या अंकात पोरांच्या मारामाऱ्या, कोयते आणि ‘भाईगिरी’ यांवर प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. पत्रं आली ती बहुतेक आयांची, काही तालमीतल्या कार्यकर्त्यांची, आणि एक, ज्याची मी खरं तर वाट बघत होते, एका पोराचं. मी कोल्हापुरात समाजकार्य शिकवते. गुन्ह्यात सापडलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं जिथे चालतात त्या बाल न्याय मंडळावर काही काळ सामाजिक सदस्य होते. त्या टेबलासमोर उभी राहिलेली पोरं अजून महाद्वार रोडला, रंकाळ्यावर भेटतात, थांबून बोलतात. त्यांच्याकडून जे कळलं आणि ज्यांनी जगात इतरत्र हा विषय नेटाने अभ्यासला त्यांचं जे वाचलं, त्यावर ही उत्तरं बेतली आहेत. पत्रांतून ओळख पटेल असा सगळा तपशील काढला आहे.

मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीला. घरची मोपेड क्लासला नेतो. परवा रेनकोट काढायला डिकी उघडली तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. मी तो होता तसाच परत ठेवला. त्याच्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, पोलिसांच्या ताब्यात देतो, चार दिवस आत राहिला की सरळ होईल. मला झोप लागत नाही. काय करू?
— एक आई, मंगळवार पेठ

ताई, पहिल्यांदा तो कोयता तिथून काढा आणि कुलपात ठेवा. हे वाचून झाल्यावर लगेच. मुलगा चिडेल, आदळआपट करेल, करू दे. पोरांची भांडणं कोल्हापुरात पूर्वीही होत होती. ओठ फुटायचा, शर्ट फाटायचा, घरी आल्यावर वडिलांचा मार बसायचा आणि विषय संपायचा. आता तेच भांडण, तेवढ्याच कारणावरून झालेलं, एका पोराला स्मशानात आणि दुसऱ्याला निरीक्षणगृहात पोचवतं, कारण डिकीत काहीतरी असतं.

मग त्याच्याशी बोला, पण वडील, आजी, धाकटी बहीण असा दरबार भरवून नको. जेवणं झाल्यावर दोघंच बसा. ‘हे कशाला आणलंस?’ असं विचारलंत तर ‘मित्राचं आहे’ हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी विचारा, ‘तुला कुणाची भीती वाटते?’ पहिल्यांदा तो हसेल. गप्प राहून पुन्हा विचारा. मंडळासमोर आलेल्या पोरांना मी हा प्रश्न विचारत असे, आणि छाती काढून उभा असलेला पोरगा एकदम खाली बघायला लागायचा. हत्यार बाळगणाऱ्या पोरांशी परदेशात अभ्यासक बोलले तेव्हा त्यांनाही वारंवार हेच सापडलं, की ‘त्याच्याकडे आहे म्हणून माझ्याकडे’. समोरचाही तेच म्हणत असतो. कारणं विचाराल तर कागदावर वाचताना हात थरथरतो इतकी क्षुल्लक असतात : खुन्नसने बघितलं, गाडीला कट मारला, स्टेटसला काहीतरी टाकलं, पेट्रोलचे शंभर रुपये परत दिले नाहीत.

आता त्याच्या वडिलांचं. त्यांचा संताप मला कळतो, पण ‘चार दिवस आत’ ही गोष्ट या वयात कायद्यात बसत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही आणि ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य असतात, त्यांतली निदान एक स्त्री. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत कुणी सज्ञान आरोपी नसेल तर सहसा एफआयआरही होत नाही. ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे जातो. ही व्यवस्था पोरांना पाठीशी घालण्यासाठी केलेली नाही. सोळाव्या वर्षी लागलेला शिक्का आयुष्यभर पुसला जात नाही आणि शिक्का बसलेला पोरगा पुन्हा तिकडेच जातो, हे बघून केलेली आहे.

मग पोलिसांकडे जायचंच नाही का? जायचं. मुलाला कुणी धमकावत असेल तर त्याला सोबत घेऊन त्या बाल कल्याण अधिकाऱ्याला भेटा. आणि अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमक्याला गाठायचं ठरलंय असं तुमच्या कानावर आलं, तर सकाळची वाट न बघता ११२ ला फोन करा. तुमच्या मुलाचं नाव त्यात असलं तरीही. त्या एका रात्री ठाण्यात गेलेला मुलगा घरी परत आणता येतो.

आणखी एक. त्याला तुमच्याशी बोलता येणार नाही असं बरंच काही असेल. त्याचा मामा, शाळेतले एखादे सर, तालमीतला वस्ताद, ज्याच्यासमोर तो आपणहून सिगारेट लपवतो असा एक माणूस शोधा आणि त्याला खरं काय ते सांगा. घराची अब्रू म्हणून लपवू नका.

आमच्या तालमीतली पंधरा ते वीस वयाची पोरं सारखी कुठल्या ना कुठल्या मॅटरमध्ये असतात. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की विचारूच नका, शाहू स्टेडियमवरची खुन्नस रात्री पेठेत येते. एकाने सुचवलंय की पोरांना जेल दाखवून आणावं, जन्मठेपवाल्या कैद्यांकडून चांगला दम भरावा. पन्नास पोरांची यादीही केलीय. मॅडम, तुमचं मत?
— एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

माझं मत स्पष्ट आहे : हे करू नका. तुमची तळमळ खरी आहे म्हणून इतक्या ठामपणे सांगते. ही कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीच्या तुरुंगात हेच सुरू झालं. जन्मठेपेचे कैदी पोरांच्या अंगावर ओरडायचे, पोरं रडायची, बघणाऱ्यांना वाटायचं काम झालं. मग काही अभ्यासकांनी चिठ्ठ्या टाकून निम्मी पोरं तुरुंग दाखवायला नेली, निम्मी नेली नाहीत आणि पुढे दोन्हींचं काय झालं ते मोजलं. असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर निघालं ते उलटंच : नेलेल्या पोरांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. मला याचं आश्चर्य वाटत नाही. ज्या पोराला भाई व्हायचंय त्याला तुम्ही त्याचे हिरोच भेटवून आणता, तेही मित्रांच्या संगतीत.

मग काय करायचं? शिकागोची गोष्ट सांगते. दरवर्षी शेकडो खून होणारं ते शहर. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत पोरांचे छोटे गट आठवड्यातून एकदा बसवायचे, सोबत एक भक्कम मोठा माणूस, असा ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम २००१ पासून चालतो. त्याचा एक खेळ आहे. जोड्या लावायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव.

मी हा खेळ इथल्या एका तालमीत लिंबू घेऊन केला. मातीच्या कडेला पोरं बसली होती. ‘चालू’ म्हटल्याबरोबर झटापट. एकाने दुसऱ्याचं मनगट पिरगाळलं, एकजण चक्क समोरच्याच्या छातीवर बसला, लिंबाचा रस कोपरापर्यंत ओघळला, हशा, शिव्या. वेळ संपल्यावर मी विचारलं, ‘कुणी मागून बघितलं का?’ सगळे गप्प. मग एक दांडगा पोरगा म्हणाला, ‘मागितलं असतं तर ह्यो देणार हुता व्हय?’ त्याचा जोडीदार मनगट चोळत म्हणाला, ‘दिलं असतं की. लिंबूच हाय न्हवं.’ त्यावर ती पोरं जे बोलायला लागली ते रात्री तालीम बंद करायची वेळ झाली तरी थांबेना. समोरचा देणारच नाही, समोरचा मला कमी लेखतोय, समोरचा मुद्दाम बघतोय, हे आपण तपासून न बघताच धरून चालतो, हे त्यांनीच एकमेकांना सांगितलं. मी फक्त ऐकत होते.

या कार्यक्रमाची परीक्षा शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी घेतली. २००९-१० साली १८ शाळांतली २७४० पोरं, कुणाला कार्यक्रमात जागा मिळणार ते चिठ्ठीवर. कार्यक्रमाच्या काळात त्या पोरांच्या मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. त्यात शाळेनंतरचे खेळही होते, आणि खेळांत कुस्ती होती! हे वाचलं तेव्हा मला वाटलं, ज्या गावात कुस्तीचं एवढं मोठं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलं, जिथे मल्ल समोरच्याशी हात मिळवून मगच भिडतो आणि चितपट झाल्यावर उठून पुन्हा हात मिळवतो, त्या गावाला हे कुणी नव्याने शिकवायला नको.

पण अभ्यासाची दुसरी बाजूही ऐका. कार्यक्रम संपल्यावर अटकांमधला तो फरक पुढच्या वर्षी टिकला नाही, शाळा पूर्ण करण्यातला फायदा मात्र उरला. म्हणजे गणपतीच्या आधी एक शिबिर, पाहुण्यांचं भाषण आणि फोटो याने काही होणार नाही. दर आठवड्याला, वर्षानुवर्षं, तोच माणूस तिथे बसलेला दिसला पाहिजे.

तुमच्या पन्नासच्या यादीबद्दल. त्यातली चाळीस पोरं अशी असतील की ज्यांना घरून हाक आली की ती जातात. त्यांना खेळू द्या. १९९० च्या दशकात बोस्टनमध्ये अभ्यासकांनी पोलिसांच्या आणि वस्तीतल्या कार्यकर्त्यांच्या सोबत बसून नकाशे काढले तेव्हा दिसलं की तरुणांच्या खुनांपैकी निदान ६० टक्के खुनांमागे काही टोळ्या होत्या आणि त्यांत सगळी मिळून सुमारे १३०० पोरं होती, म्हणजे त्या वयाच्या शहरातल्या पोरांपैकी १ टक्क्याहून कमी. तुमच्याकडेही कुणाची भीती आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. नेमकी तीच पाच-सात पोरं यादीत नसतात, कारण ती ऐकत नाहीत म्हणून त्यांना आपण आधीच वगळलेलं असतं. काम त्यांच्यासाठी करायचं आहे.

आणि मॅटर मिटवण्याचं काम तालमीने परत हातात घ्यावं, ही माझी हात जोडून विनंती. दोन गल्ल्यांत वाजलं की जाणत्या माणसांनी रात्रीच दोन्हीकडच्यांना बोलावून बैठक घालायची, ही आपलीच पद्धत. क्षयरोग आणि कॉलऱ्याच्या साथींवर काम केलेल्या गॅरी स्लटकिन या डॉक्टरांनी शिकागोत २००० साली हेच सुरू केलं : पूर्वी स्वतः टोळीत राहिलेली, पोरं ज्यांना मानतात अशी माणसं पगारावर नेमायची. कुणाला लागलं की बदला घ्यायला निघालेल्यांच्या मध्ये त्यांनी त्याच रात्री जाऊन उभं राहायचं. काही शहरांत याचा चांगला परिणाम दिसला, काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. जिथे माणसं चुकीची निवडली किंवा पगार मध्येच थांबले तिथे गाडं अडलं. म्हणून माणूस निवडताना निवडणुकीत उपयोगी पडणारा नको. ज्याच्या शब्दाखातर पोरगा गाडीवरून खाली उतरतो तो हवा.

ग्लासगोचं एवढंच सांगते. युरोपातलं सगळ्यात खुनी शहर म्हणून बदनाम झालेल्या त्या गावात २००५ मध्ये पोलिसांनीच हिंसा कमी करण्यासाठी वेगळं पथक काढलं आणि डॉक्टर, शिक्षक, समाजसेवक सोबत घेतले. २००८ मध्ये टोळ्यांतल्या पोरांना न्यायालयात बोलावलं, पण खटल्यासाठी नव्हे. पोलिसांनी सांगितलं, आता एकाने केलं तर सगळ्या टोळीच्या मागे लागू. डॉक्टरांनी चिरलेले चेहरे शिवतानाचे अनुभव सांगितले, एक आई आपल्या मुलाबद्दल बोलली. आणि शेवटी एक फोन नंबर दिला : बाहेर पडायचं असेल तर शिक्षण, काम, व्यसनमुक्ती, जे लागेल ते इथे मिळेल. धाक होता, पण धाकासोबत दार उघडं होतं. तुमच्या तुरुंगाच्या सहलीत ते दार नाही.

सगळ्याचं मूळ मोबाइल आणि सिनेमात आहे. ते बंद केले तर पोरं आपोआप सुधारतील, असं नाही वाटत?
— एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

सर, नाही वाटत. मोबाइल नव्हते तेव्हाही तलवारी निघत होत्या. मोबाइलने एक गोष्ट मात्र खरोखर बदलली. पूर्वी कानाखाली बसली ती चार जणांनी बघितली, आता चारशे जण बघतात आणि रोज बघतात. तलवारीने केक कापल्याची क्लिपही अशीच फिरते. जून २०२३ मध्ये नुसत्या स्टेटसवरून हे शहर कसं पेटलं आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं ते आपण पाहिलंच. पण फोन काढून घेतलेला पोरगा मित्राच्या फोनवर तेच बघतो, आणि तुम्हाला दाखवायचं मात्र बंद करतो. त्याने काय बघितलं ते तो तुम्हाला दाखवतो का, तेवढं सांभाळा.

मी सरकारी रुग्णालयात इंटर्न आहे. रात्रपाळीला अपघात विभागात मारामारीत फुटलेली पोरं शिवायला येतात. ‘पडलो’ म्हणतात. मला यावर काही संशोधन करायचं आहे, पण सीनियर म्हणतात, अमेरिकेत होतं ते इथे कशाला, आपलं काम टाके घालायचं. खरंच उपयोग होईल का?
— एक शिकाऊ डॉक्टर

तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण यातलं एक मोठं काम तुमच्यासारख्याच एका डॉक्टरने केलंय. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे सर्जन. दारूच्या अड्ड्यांवर फुटलेले चेहरे जोडता जोडता त्यांच्या लक्षात आलं की हॉस्पिटलमध्ये येणाऱ्या मारहाणीच्या केसेसपैकी बऱ्याचशा पोलिसांच्या कागदावर येतच नाहीत. मग त्यांनी काय केलं? केसपेपर काढणाऱ्या कर्मचाऱ्यांना चारच गोष्टी विचारायला सांगितल्या : कुठे झालं, कधी झालं, कशाने मारलं, किती जण होते. नाव-गाव काढून टाकून तो तक्ता दर महिन्याला पोलीस आणि महापालिकेकडे. त्यावरून गस्तीच्या जागा आणि वेळा बदलल्या, काही दारूच्या दुकानांवर बडगा आला, फुटल्यावर धारदार तुकडे होणार नाहीत असे ग्लास आले, रात्री गर्दीचा एक रस्ता गाड्यांना बंद झाला. तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये मारहाणीमुळे दाखल होणाऱ्यांचं प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं.

सीनियरना हेही सांगा की हे फक्त श्रीमंत देशांचं नाही. कोलंबियातल्या काली शहरात रोड्रिगो गेरेरो हे साथरोगांचे अभ्यासक असलेले डॉक्टर १९९० च्या दशकात महापौर झाले. त्यांनी खुनांची तशीच मोजदाद केली आणि शनिवार-रविवार, पगाराचे दिवस आणि दारू यांचा मेळ दिसल्यावर त्या दिवसांपुरती हत्यारं बाळगायला बंदी घातली. लायबेरियासारख्या युद्धाने पोळलेल्या गरीब देशात, मोनरोव्हियात, ९९९ दांडग्या तरुणांवर अभ्यास झाला. राग आणि सवयी आवरण्याचं आठ आठवड्यांचं शिक्षण आणि सोबत २०० डॉलर रोख ज्यांना मिळाले त्यांचे गुन्हे दहा वर्षांनंतरही जवळपास निम्मे दिसले.

इथे तुम्ही काय करू शकता? एमएलसी रजिस्टरमध्ये, म्हणजे पोलिसांशी संबंध येऊ शकतो अशा केसेसच्या नोंदवहीत, ‘पडलो’ असं लिहिलेलं तुम्ही रोज बघता. विभागप्रमुख आणि नैतिकता समितीची रीतसर परवानगी घ्या आणि नाव न घेता ठिकाण, वार, तास आणि हत्यार एवढंच टिपा. विश्वास बसला की पोरं सांगतात, विशेषतः टाके घालून झाल्यावर पाणी प्यायला दिलंत तर. सहा महिन्यांनी कोल्हापूरच्या नकाशावर ठिपके लावा. कुठला चौक, क्लास सुटायची वेळ की परमिट रूम बंद व्हायची, कुठल्या बोळात दिवा नाही, ते दिसेल. फिलाडेल्फियात ५४१ पडीक मोकळ्या जागांचा अभ्यास झाला. त्यातल्या काही साफ करून गवत आणि झाडं लावली तेव्हा सगळ्यात गरीब वस्त्यांत गोळीबार २९ टक्क्यांनी कमी झाला. ते कुणी भाषण देऊन झालं नाही, कचरा उचलून झालं. तुमचा नकाशा तयार झाला की मला कळवा, महापालिकेत तो घेऊन मी तुमच्यासोबत येईन.

मी १७ वर्षांचा. आमच्याकडच्या एकाने चौकात सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली मारली. त्याचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला. दोस्त म्हणतात पलटी दे, न्हाईतर संपलास. रविवारी त्याला गाठायचं ठरलंय. नाही गेलो तर तोंड दाखवायला जागा नाही. मॅडम, उपदेश नको, खरं सांगा.
— नाव नको

बाळा, हे पत्र मिळाल्या दिवशीच संपादकांनी तू दिलेल्या नंबरवर फोन लावला आणि आपण बोललो. तो रविवार होऊन गेला, कुणाला काही झालं नाही. तुझ्या परवानगीने, आपलं जे बोलणं झालं ते इतर पोरांसाठी इथे लिहिते.

तुझ्यावर जे घडलं तो अपमान होता आणि तो खुपतो. ‘सोडून दे रे’ म्हणणाऱ्यांना ते कळत नाही. मी तसं म्हणणार नाही.

तुझ्या दोस्तांबद्दल सांगते. पोरगा मंडळासमोर येतो तेव्हा पहिल्या तारखेला बाहेर आठ-दहा जण गाड्या लावून उभे असतात. दुसऱ्या तारखेला दोन. नंतर आई एकटी येते, हातात जेवणाचा डबा, कामावर खाडा करून. मी हे इतक्यांदा पाहिलंय की दोस्तांची गर्दी बघितली की मला त्या आईचीच काळजी वाटायला लागायची.

२००५ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला, जितका धोका पत्कराल तितके गुण. तुझ्याहून थोडी लहान पोरं एकेकटी खेळली तेव्हा मोठ्यांसारखीच खेळली. मागे मित्र उभे केले तर त्यांनी पत्करलेला धोका जवळपास दुपटीने वाढला. मोठ्यांना मित्र असल्या-नसल्याने फरक पडला नाही. म्हणून मी तुला विचारलं, एकटा असतास तर गेला असतास का? तू बराच वेळ बोलला नाहीस, मग ‘न्हाई’ म्हणालास.

कायद्याचंही सांगितलं. सोळा ते अठरा वयाच्या मुलाने खुनासारखा अतिगंभीर गुन्हा केला तर मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं आणि त्याचा खटला मोठ्या माणसाप्रमाणे चालू शकतो. आणि ‘मी नुसता उभा होतो’ हे चालत नाही. ठरवून एकत्र गेलेल्यांत वार कुणी केला ते बाजूला राहतं, सगळे अडकतात.

मग रविवारचं काय? तुला माघार घ्यायला तोंड हवं होतं, तेवढंच खरं अडलं होतं. शनिवारीच आजोळी जायचं, मामाने बोलावलंय म्हणून, हे आपण ठरवलं. तू तालमीतल्या ज्यांचं नाव घेतलंस त्यांच्याशी मी बोलले. त्यांनी सोमवारी दोन्हीकडच्यांना बोलावलं. व्हिडिओ त्याने काढून टाकला. माफी त्याने मागितली ती तोंड वाकडं करून, हे तू सांगितलंस, पण मागितली त्याच चौकात, त्याच पोरांसमोर. तुझ्या एका दोस्ताने अजून बोलणं टाकलंय. त्याचं तुला वाईट वाटतंय हेही कळलं. वाटेल काही दिवस.

ज्यांना असंच काही लिहायचंय पण धीर होत नाही, त्यांनी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करावा, अठरा वर्षांखालच्या कुणालाही तो फुकट आहे. डोक्यात तेच तेच फिरत असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, मराठीत बोलता येतं.

उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. निरीक्षणगृहातून परत आलेल्या, सतरा पूर्ण झालेल्या मुलाला कामावर घ्या अशी विनंती आलीय. कायद्याची काही भानगड? बाकीचे कामगार काय म्हणतील?
— एक उद्योजक

दादा, घ्या. बाल न्याय मंडळाने निकाली काढलेल्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कुठल्याही बाबतीत अपात्र धरता येत नाही, असं कायद्याचं २४ वं कलम सांगतं. कामगारांना त्याचं प्रकरण सांगायचं कारणच नाही. त्याची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. अडचण वयाची आहे. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत धोकादायक प्रक्रियेत त्याला लावता येत नाही, फाउंड्रीच्या भट्टीजवळ तर नाहीच. लेथवरही मी सध्या उभा करणार नाही. स्टोअर, मोजमाप, मालाची नोंद, चलनं यांत घ्या. रात्रपाळी नको. आयटीआयला प्रवेश घेतला तर वेळ जुळवून द्या.

२०१२ मध्ये शिकागोत हिंसेने गांजलेल्या भागातल्या शाळांतून १६३४ मुलामुलींचे अर्ज आले, चिठ्ठ्या टाकून काहींना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवड्यांचं पगारी काम दिलं. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्यांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी होत्या, आणि त्यातली बरीचशी घट काम संपल्यानंतरची होती. तिथे प्रत्येकाला एक मोठा माणूस जोडून दिला होता. तुमच्याकडेही एखादा जुना, शांत फोरमन असेल. पहिला महिना मुलाला त्याच्या हाताखाली द्या, चहाला तोच सोबत घेऊन जाईल असं बघा. उशीर झाला, दांडी मारली तर लगेच घरी पाठवू नका, फोरमनला त्याच्या घरी पाठवा. पगार मुलाच्या नावच्या बँक खात्यात भरा. आणि विनंती ज्यांनी केली आहे त्यांच्याकडून मुलाच्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) नंबर घेऊन ठेवा, काही अडलं तर पहिला फोन त्यांना.